एअरोजेल शीट कोल्ड स्टोरेजला लावायची का? हायब्रिड-नॅनो मटेरियलमधलं कळणाऱ्यांनी सांगा

बेदाणेवाला_तासगाव

नमस्कार मंडळी. तासगावजवळ आमचं बेदाण्याचं छोटं कोल्ड स्टोरेज आहे, वडिलांच्या काळातलं. भिंतींना सहा इंची थर्माकोल आहे, पण दोन चेंबरच्या कोपऱ्यात ते आतून ओलं झालंय, प्लास्टर फुगलंय. एप्रिलात बाहेर चाळीसच्या घरात आणि आत चार-पाच डिग्री ठेवायचं म्हटल्यावर कॉम्प्रेसर थांबायचं नावच घेत नाही, लाइट बिल हातात आलं की वाटतंय बेदाणा नको नि काय नको.

आता मुद्दा. परवा एक विक्रीवाला येऊन गेला, कंपनी कुठली ते जाऊ दे. त्यानं बॅगेतनं पांढरी चादरीसारखी शीट काढली, माझ्या तळहातावर ठेवली आणि वरनं लायटर धरला, खाली कायबी कळलं नाही. मग पाण्याचा थेंब सोडला तर तो मण्यासारखा गोल होऊन घरंगळत टेबलावर. म्हणाला हे एअरोजेल, नासा वापरतंय, दहा एमएम लावा आणि ते सहा इंची थर्माकोल उपसून टाका. दर सांगितला तेव्हा मी आधी चहा मागवला मग पुढचं ऐकलं.

चुलतभाऊ बीएस्सीला आहे, तो म्हणतोय ही खरं तर काचच आहे, केमिस्ट्रीवाले लोक तिच्यात ऑरगॅनिक घालून हायब्रिड करतात, नॅनोस्ट्रक्चर वगैरे. आता काच असेल तर ती गोधडीसारखी वाकतीय कशी, आणि काच आहे तर उष्णता अडवतीय कशी, काचेचा ग्लास तर चहानं भाजतो की. कोल्हापूरला विद्यापीठात यावर बरंच काम झालंय असंबी ऐकलंय. कोणी त्यातलं असेल तर नीट समजावून सांगा, आणि आमच्यासारख्यानं यात पैसे घालावेत का ते स्पष्ट सांगा.

क्लॅडिंगवाला

कुपवाड एमआयडीसीतून. इन्सुलेशनचीच कामं करतो, कारखान्यांच्या स्टीम लाइन, डेअऱ्या, कोल्ड स्टोरेज. दादा, शीट चांगली आहे, खोटी नाही, मी हाताळली आहे. कापताना पांढरी भुकटी उडते आणि हात असे कोरडे ठाक पडतात की रात्री खोबरेल चोळल्याशिवाय झोप येत नाही. मास्क, गॉगल, ग्लोव्हज लागतातच, पोरं ऐकत नाहीत ते वेगळं.

पण दहा एमएम लावून सहा इंची थर्माकोल काढा हे म्हणजे उगाच काहीतरी. ही शीट मी गरम लाइनला बघितली आहे, जिथं जागा नाही, दोन पाइप चिकटून चाललेत, जाड रॉकवूल (दगडी लोकर) बसतच नाही, तिथं. कोल्ड स्टोरेजच्या अख्ख्या भिंतीला लावलेली आपल्या भागात मी तरी बघितली नाही. तुमचा प्रॉब्लेम मला वेगळाच वाटतोय, ते ओलं थर्माकोल. बाहेरच्या बाजूनं डांबराचा थर दिलाय का? पत्रा-प्लास्टरला भेगा आहेत का? फोटो टाका.

सोलजेल_सातारा

मी साताऱ्याची, पीएचडी सोल-जेल पद्धतीनं (द्रवापासून जेल, जेलपासून घन) केलेल्या सिलिका हायब्रिडवर केली, सध्या कॉलेजात शिकवते. दादा तुमचे दोन्ही प्रश्न आमच्या व्हायवात विचारतात तसे आहेत, त्यामुळे जरा लांबण लागणार, चालवून घ्या.

आधी उष्णता. एअरोजेल म्हणजे सिलिकाचा, म्हणजे काचेच्याच घटकाचा, अतिशय विरळ सांगाडा. नव्वद टक्क्यांच्या वर जागा रिकामी असते, चांगल्या नमुन्यात ९५ च्या पुढे. सांगाड्याचे कण काही नॅनोमीटरचे (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग) आणि मधली भोकं बहुतेक २ ते ५० नॅनोमीटरची. चहाचा ग्लास भाजतो कारण तिथं काच सलग असते, इथं उष्णतेला जायला वाट म्हणजे मणी-मणी जोडलेली वाकडीतिकडी माळ, आणि जोडही अगदी बारीक. राहिली आतली हवा. आपल्या नेहमीच्या दाबाला हवेचा रेणू साधारण ७० नॅनोमीटर जातो मग दुसऱ्या रेणूवर आपटतो. भोकच त्याहून लहान, त्यामुळे तो शेजारच्या रेणूला उष्णता देण्याआधी भिंतीलाच धडकतो. म्हणून ही थांबलेल्या हवेपेक्षाही कमी उष्णता वाहते. उष्णता किती वाहते त्याचा आकडा सांगायचा तर (कमी तितका चांगला) स्थिर हवेचा ०.०२६ आणि चांगल्या एअरोजेलचा ०.०१५ च्या आसपास, वॅट प्रति मीटर केल्विन. फायबर घातलेल्या ब्लँकेटचा, म्हणजे तुमच्या शीटसारख्याचा, ०.०२० धरा.

आता खरा केमिस्टचा भाग, वाळवणं. जेल करणं अवघड नाही. सिलिकॉनला चार इथॉक्सी लावलेलं टीईओएस नावाचं द्रव घ्यायचं, अल्कोहोल आणि पाणी घालायचं, आधी ॲसिड मग बेस. इथॉक्सी निघून ओएच (ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी) येतात, दोन ओएच एकमेकांना भिडून पाणी सोडतात आणि सिलिकॉन-ऑक्सिजन-सिलिकॉन अशी साखळी जोडत जाते. टेस्टट्यूब तिरकी केली आणि आतलं हललं नाही की जेल झालं. काळ्या कागदापुढे धरलं तर निळसर दिसतं, खिडकीकडे धरलं तर पिवळट, बारीक कणांमुळे प्रकाश विखुरतो म्हणून. माझ्या विद्यार्थ्यांना मी हे पहिल्यांदा दाखवते, मग समीकरणं.

पण जेल तसंच उघड्यावर वाळवलं तर द्राक्षाचा बेदाणा होतो तसं ते आक्रसतं, वर तडकून चुरा होतो तो वेगळाच. आम्हाला हवं असतं ते म्हणजे द्राक्षातलं सगळं पाणी जावं पण द्राक्ष द्राक्षाएवढंच राहावं. आक्रसतं का, तर भोकातलं द्रव उडताना त्याचा पृष्ठभाग भिंतींना आत ओढतो. दहा नॅनोमीटर त्रिज्येच्या भोकात पाणी असेल तर ही ओढ १४० बारच्या वर जाते. एवढ्या ओढीला तो नाजूक सांगाडा काय टिकणार.

यावर पहिला तोडगा सॅम्युअल किस्लरचा, १९३१ सालचा. त्यानं द्रव बंद भांड्यात क्रिटिकल तापमान आणि दाबाच्या वर नेलं, तिथं द्रव आणि वायू असा फरकच उरत नाही, मग पृष्ठभाग नाही आणि ओढही नाही, सावकाश दाब सोडायचा, यालाच सुपरक्रिटिकल वाळवणं म्हणतात. पण इथेनॉलसाठी त्याला २४० डिग्रीच्या वर आणि साठ बारच्या पुढे जावं लागतं, म्हणजे लॅबमध्ये बॉम्ब घेऊन बसल्यासारखं. नंतर कार्बन डायऑक्साइड वापरायला लागले, त्याला तापमान ३१ डिग्री पुरतं पण दाब ७४ बारच्या आसपास लागतोच. तुमचा विक्रीवाला जो दर सांगतोय त्यातला मोठा हिस्सा या वाळवण्याचा आणि सॉल्व्हंटचा.

दुसरा तोडगा हायब्रिडचा, आणि चुलतभाऊ म्हणतोय ते इथं बरोबर आहे. टीईओएसच्या जागी एमटीएमएस घ्यायचं. यात सिलिकॉनला तीन मेथॉक्सी आणि एक मिथाइल (कार्बन-हायड्रोजनचा छोटा गट) थेट चिकटलेला असतो. तीन हात जोडणीला जातात, चौथा मिथाइल तसाच बाहेर लोंबत राहतो, पाण्यानं तो सुटत नाही. यानं दोन गोष्टी होतात. एक, जाळं कमी घट्ट विणलं जातं म्हणून ते दाबलं तरी परत येतं, वाकतं. दोन, मिथाइलला पाणी नको असतं म्हणून तो थेंब गोळी होऊन पळाला. मघाशी कोल्हापूरचं विचारलंत ना, शिवाजी विद्यापीठाच्या फिजिक्स विभागात ए. वेंकटेश्वर राव सरांची एअर ग्लास लॅबोरेटरी होती, एमटीएमएसपासून लवचिक एअरोजेलचं त्यांचं २००६ चं काम जगभर संदर्भाला घेतात. मेथॅनॉल, आधी ऑक्झॅलिक ॲसिड, मग अमोनिया, आणि वाळवणं सुपरक्रिटिकल. आपल्या पट्ट्यातल्या पोरांना हे माहीत नसतं आणि ती एअरोजेल म्हटलं की थेट नासा म्हणतात, याचा मला जरा राग येतो.

तुमच्या हातातली शीट मात्र आणखी पुढची पायरी आहे, फायबरच्या चादरीवर सोल (जेल होण्याआधीचं द्रव) ओतून त्यातच जेल करून वाळवलेली. म्हणून गोधडीसारखी वाकते.

पैसे घालावेत का हे मी सांगत नाही, तो क्लॅडिंगवाल्या दादांचा प्रांत. पण एक नक्की, थेंब पळाला म्हणजे वाफ अडली असं समजू नका. ही भोकं उघडी असतात, पाण्याचा थेंब आत जात नाही पण हवेतली वाफ आरामात जाते.

मिरजेचा_मास्तर

ताई झकास लिहिलंय. मी निवृत्त फिजिक्स शिक्षक, गणित करून टाकतो म्हणजे विक्रीवाल्याला तोंडावर सांगता येईल.

भिंत किती अडवते ते जाडी भागिले तो आकडा. थर्माकोलचा कोरडा असताना ०.०३५ धरू. सहा इंच म्हणजे १५० एमएम, ०.१५ भागिले ०.०३५, आलं ४.३. दहा एमएम एअरोजेल ब्लँकेट, ०.०१ भागिले ०.०२०, आलं ०.५. म्हणजे थर्माकोल काढून ते लावलं तर भिंत आठपट कमी अडवणार. तेवढ्यालाच तेवढं हवं असेल तर ब्लँकेट ८५ एमएमच्या पुढं लागतंय, म्हणजे दहा एमएमचे नऊ थर, करा हिशेब दराचा.

आणि पफ (पॉलियुरेथेन फोम) पॅनेल घेतलं तर? नव्या पफचा आकडा ०.०२३ च्या आसपास. शंभर एमएम पफ म्हणजे पुन्हा ४.३. एअरोजेलचे ८७ एमएम लागतात तिथं पफचे १००. सगळी मारामारी करून वाचले तेरा एमएम. कोल्ड स्टोरेजच्या भिंतीत तेरा एमएमनं काय एक क्रेट जास्त बसतोय का? पफ जुनं झालं की आतला गॅस हळूहळू निघून आकडा वाढतो हे खरं, म्हणून थोडं जास्तीचं जाड घ्या, तरी एअरोजेलच्या खर्चाच्या जवळपास जात नाही.

लायटरचा खेळ म्हणाल तर तो जत्रेतला. दहा-वीस सेकंदात न जळणारं कुठलंही चांगलं इन्सुलेशन हात वाचवतंय. कोल्ड स्टोरेजची भिंत चोवीस तास, महिनोन्‌महिने उष्णता झेलते, तिथं जाडी आणि तो आकडा हेच बघायचं.

आता ओल्या थर्माकोलचं. पाण्याचा आकडा ०.६, म्हणजे कोरड्या थर्माकोलच्या सतरापट. भोकात हवेच्या जागी पाणी भरलं की उष्णता तिथनंच आत येणार.

बेदाणेवाला_तासगाव

ताई, मास्तर, दोघांचे आभार. द्राक्षाचं लगेच डोक्यात बसलं. आमच्यात डिपिंग ऑइल आणि पोटॅशियम कार्बोनेटच्या पाण्यात द्राक्षं बुडवतात ती सालीवरचा मेणाचा थर कमी होऊन लवकर वाळावीत म्हणून, म्हणजे आम्हाला आक्रसायलाच पाहिजे असतंय, तुम्हाला नको असतंय एवढाच फरक.

क्लॅडिंगवाले दादा, डांबर आहे पण ते आतल्या बाजूनं आहे असं मिस्त्री म्हणतोय. बाहेरनं नुसतं प्लास्टर. फोटो टाकतो रात्री. आणि अमोनियाच्या पाइपला व्हॉल्व्हपाशी बर्फाचा हा एवढा गोळा धरतोय, तिथं इन्सुलेशन बसतच नाही नीट, तिथं तरी ही शीट चालेल का? आणि वाफेचं ताई म्हणाल्या ते जरा सोपं करून सांगा.

सोलजेल_सातारा

वाफ साधारणपणे गरम बाजूकडून थंड बाजूकडे सरकते. तुमच्याकडे बाहेर गरम आणि आत थंड, म्हणजे वाफ बाहेरून भिंतीत शिरते आणि आत जाता जाता कुठंतरी थंड पडून पाणी होते. म्हणून वाफ अडवणारा थर बाहेरच्या, गरम बाजूला हवा. तुमचं डांबर आत आहे म्हणजे वाफ भिंतीत येऊ दिली आणि पुढची वाट बंद केली, थर्माकोल भिजणारच. एअरोजेल लावलं असतं तरी आत वाफ गेलीच असती आणि भोकात पाणी झालं असतं. मिथाइलमुळे ते पाणी पसरत नाही, पण येतंच नाही असं नाही.

क्लॅडिंगवाला

बरोबर. डांबर आत मारणारे मिस्त्री आपल्याकडं पैशाला पासरी. ओला भाग काढा, भिंत नीट सुकू द्या, घाई करू नका, मग बाहेरून वाफ अडवणारा थर आणि पफ. अख्खी भिंत एकदम जमत नसेल तर आधी ते दोन कोपरे.

व्हॉल्व्हपाशी मात्र शीट चालेल की, उलट तिथंच तिचा उपयोग. वेडावाकडा आकार, जागा नाही, पफ ओतता येत नाही, तिथं ही गुंडाळता येते. पण वरून वाफ अडवणारी फॉइल सांधे चिकटवून पक्की लावायची, नाहीतर खालनं परत बर्फ. आणि प्लांट चालू असताना व्हॉल्व्हला हात लावू नका, अमोनिया आहे, ऑपरेटर समोर पाहिजे. दुसरी जागा म्हणजे लोखंडी खांब भिंतीतनं आत गेले असतील तर ते, आणि दाराची चौकट. लोखंडातनं थंडी सरळ बाहेर येते, घाम सुटतो बघा खांबाला. तिथं दहा एमएमची पट्टी लावली तरी फरक पडतो. पाच-सहा चौरस मीटरमध्ये भागतंय, चादर विकत घ्यायची गरज नाही, कुठल्या तरी साइटचं उरलेलं मिळतं का बघतो मी.

ताई, एक माझं पण. साखर कारखान्याच्या स्टीम लाइनला हेच ब्लँकेट लावलं तर पाणी झटकायचा गुण किती तापमानापर्यंत टिकतो? पावसात उघड्या लाइनचं रॉकवूल भिजून दगड होतंय.

सोलजेल_सातारा

सिलिकाचा सांगाडा सहाशेच्या घरात टिकतो पण मिथाइल ऑरगॅनिक आहे, हवेत तीन-चारशेच्या पुढे तो हळूहळू जळायला लागतो. जिथं जळाला तिथं ओएच येतात आणि मग तीच जागा पाणी ओढून घ्यायला लागते. पण पाइपला लागून असलेला आतला थर सोडला तर बाहेरचे थर थंडच असतात, तिथला मिथाइल शाबूत राहतो, त्यामुळे पावसापुरतं काम होतं. ॲल्युमिनियमचा पत्रा मात्र वरून लागणारच.

राखेचा_प्रोजेक्ट

मी एमएस्सी सेकंड इयर, सांगलीत. मॅडम तुमचं वाचून विचारावंसं वाटलं. आमच्या गावाजवळच्या साखर कारखान्याच्या बॉयलरची बगॅसची (उसाच्या चिपाडाची) राख ढिगानं पडलेली असते, तिच्यात सिलिका भरपूर असते असं वाचलं. टीईओएस महाग आहे, तर राखेपासून सिलिका काढून एअरोजेल प्रोजेक्टला करता येईल का? सुपरक्रिटिकलची सोय कॉलेजात नाही. आणि याला हायब्रिड म्हणता येईल का, की त्यासाठी पॉलिमर घालायलाच लागतं?

सोलजेल_सातारा

करता येईल, आणि मला विचारशील तर टीईओएसच्या शंभराव्या प्रोजेक्टपेक्षा हेच कर. किस्लरनेसुद्धा सुरुवात सोडियम सिलिकेटनेच केली होती, टीईओएस नंतर आलं.

राख आधी चाळ आणि धू, मग मफल फर्नेसमध्ये ५५० ते ६०० ला जाळ म्हणजे काळा कार्बन जाईल. त्याच्या बरंच वर नेऊ नकोस, सिलिका स्फटिक व्हायला लागली की अल्कलीत विरघळायला कंटाळा करते. बगॅसच्या राखेत उसाबरोबर आलेली माती-वाळूही असते, ती क्वार्ट्ज आहे, ती तशीच खाली राहील, त्यामुळे वाचलेल्या टक्क्यांवर जाऊ नको, स्वतःच्या राखेचं मोज. मग सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये उकळून गाळलंस की सोडियम सिलिकेट हातात.

इथं सगळे घसरतात ते सोडियमवर. थेट ॲसिड घातलं तर जेल होतं पण भोकात मीठ भरून बसतं आणि वाळल्यावर पांढरी भुकटी. एकतर सिलिकेट पातळ करून कॅटायन रेझिनच्या (सोडियम धरून ठेवणाऱ्या मण्यांच्या) कॉलममधून सोड, सोडियम तिथंच अडकतं आणि खाली सिलिसिक ॲसिड येतं, ते लगेच वापर, ठेवलंस तर बाटलीतच जमेल. नाहीतर जेल झाल्यावर पाणी बदलत बसायचं, दिवसच्या दिवस जातात.

वाळवण्याला सुपरक्रिटिकल नसलं तरी साध्या हवेत जमतं. पाणी काढून इथेनॉल, मग हेक्सेन, आणि ट्रायमिथाइलक्लोरोसिलेन. ते ओएचच्या जागी मिथाइल बसवतं. मग वाळताना जेल आक्रसतं पण भिंती एकमेकींना चिकटत नाहीत, कारण चिकटायला ओएचच उरलेले नाहीत, आणि शेवटी बरंचसं परत फुगतं, त्याला स्प्रिंग-बॅक म्हणतात. हे ओव्हनच्या काचेतून बघण्यासारखं असतं. फक्त हेक्सेन पेट घेतं, त्यामुळे आधी फ्यूम हुडमध्ये बरंचसं उडू दे आणि ओव्हन साधा नको, हवा बाहेर टाकणारा हवा. ट्रायमिथाइलक्लोरोसिलेनमधून हायड्रोक्लोरिक ॲसिडचा वायू निघतो, पाण्याशी जोरात वागतं, तेही हुडमध्येच, एकटीनं किंवा एकट्यानं संध्याकाळी थांबून करायचं नाही.

हायब्रिडबद्दल, पॉलिमर सक्तीचं नाही. ऑरगॅनिक भाग नुसता भोकात अडकलेला असेल, हायड्रोजन बॉण्ड वगैरेनं, तर तो पहिला वर्ग, आणि सिलिकॉन-कार्बन अशा पक्क्या बॉण्डनं जोडलेला असेल तर दुसरा. फ्रान्सच्या क्लेमाँ सांशेझ यांची ही विभागणी आहे, रिपोर्टमध्ये घाल. तुझं मिथाइल बसलेलं जेल दुसऱ्यात येईल. पुरावा म्हणून एफटीआयआरमध्ये (इन्फ्रारेड शोषणाची चाचणी) १२६० च्या आसपास सिलिकॉन-मिथाइलचा पीक दाखव, ३४०० चा ओएचचा रुंद पट्टा उतरलेला दाखव. घनता वजन-आकारमानावरून घरच्या घरी निघते. बीईटी (पृष्ठभागाचं क्षेत्रफळ मोजणं) आणि एसईएमसाठी (इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप) कोल्हापूरला विद्यापीठात नमुने द्यावे लागतील, रांग असते, म्हणून डिसेंबरच्या आत पाठव, सबमिशनच्या महिन्यात सगळ्या जिल्ह्याचे नमुने तिथं येऊन पडलेले असतात.